अ‍ॅलेक्स ट्रेबेक आणि 'जेपर्डी!' : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत आमच्याकडे रोज संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर चॅनल ७ लागतं. भारतातून कोणी राहायला आलं की दोन-तीन दिवसांत तेही आमच्याबरोबर 'जेपर्डी!' बघायला बसतात आणि मग प्रश्न सुरू होतात. हा माणूस कोण होता, याला एवढं सगळं येत होतं का, आता तो का दिसत नाही. इतक्या वर्षांत दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

अ‍ॅलेक्स ट्रेबेक कोण होते?

'जेपर्डी!' या अमेरिकन प्रश्नमंजुषेचे सूत्रसंचालक. १९८४ पासून नोव्हेंबर २०२० मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे सलग छत्तीस वर्षं, त्यांनी हे काम केलं आणि ८,२०० हून जास्त भाग सादर केले. २०१४ साली ६,८२९ भागांचा टप्पा ओलांडला तेव्हा एका सूत्रसंचालकाने एकाच गेम शोचे सर्वाधिक भाग सादर करण्याचा गिनीज विक्रम त्यांच्या नावावर झाला. मूळचे ते कॅनडाचे. १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं.

खेळ नेमका कसा असतो? उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, हे काय प्रकरण आहे?

नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. समोर तीन स्पर्धक. फळ्यावर सहा विषय असतात आणि प्रत्येक विषयाखाली पाच चौकटी. स्पर्धक विषय आणि रक्कम सांगतो, चौकट उघडते आणि तिच्यात एक विधान दिसतं, त्याला क्लू म्हणतात. समजा, विधान असं आहे : 'त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी ही नदी बंगालच्या उपसागराला मिळते.' नुसतं 'गोदावरी' म्हणून चालत नाही. 'व्हॉट इज गोदावरी?' असं प्रश्नाच्या रूपात सांगावं लागतं.

बरोबर आलं तर तेवढे डॉलर जमा, चुकलं तर तेवढेच वजा. पहिल्या फेरीत २०० ते १,००० डॉलरच्या चौकटी, दुसऱ्या फेरीत सगळं दुप्पट. शेवटी एकच क्लू. तो दिसण्याआधी फक्त विषय बघून किती पैसे पणाला लावायचे ते ठरवायचं आणि तीस सेकंदांत लिहून द्यायचं. त्या तीस सेकंदांत वाजणारी धून इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. कार्यक्रमाचे जनक मर्व ग्रिफिन यांनी ती मुळात आपल्या लहान मुलासाठी अंगाई म्हणून रचली होती.

एकूण क्लू एकसष्ट. जाहिराती वगळल्या तर हे सगळं वीस-बावीस मिनिटांत बसवायचं असतं. हा आकडा लक्षात ठेवा. ट्रेबेक काय करत होते हे कळायला तो लागतो.

मग हा कार्यक्रम त्यांनीच सुरू केला का?

नाही. कल्पना मर्व ग्रिफिन आणि त्यांच्या पत्नी जुलॅन यांची. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मोठा घोटाळा उघडकीला आला होता. काही प्रश्नमंजुषांमध्ये निर्माते आवडत्या स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवत होते. लोकांचा विश्वास उडाला, चॅनेलवाले अशा कार्यक्रमांना हात लावेनात. विमानप्रवासात ग्रिफिन याबद्दल बोलत होते तेव्हा पत्नी म्हणाली, मग उत्तरंच देऊन टाका की, आणि लोकांना प्रश्न विचारायला लावा. लगेच तिने उदाहरण दिलं : ५,२८०. प्रश्न : एका मैलात किती फूट?

३० मार्च १९६४ ला एनबीसी या वाहिनीवर कार्यक्रम सुरू झाला. सूत्रसंचालक होते आर्ट फ्लेमिंग. तो १९७५ पर्यंत चालला, मधे थोडा काळ परतला आणि बंद पडला. १० सप्टेंबर १९८४ ला तो नव्याने सुरू झाला तेव्हा ट्रेबेक आले. पहिले तीन हंगाम निर्मातेही तेच होते.

त्यांचं लहानपण कुठे गेलं?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सडबरी नावाचं निकेलच्या खाणींचं गाव आहे. तिथे २२ जुलै १९४० ला त्यांचा जन्म झाला. वडील युक्रेनमधून आलेले आणि हॉटेलात आचारी, आई फ्रेंच बोलणाऱ्या घरातली. त्यामुळे इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा घरातच कानावर. तेराव्या वर्षी वडिलांच्याच हॉटेलात त्यांनी पाहुण्यांच्या बॅगा उचलण्याचं काम केलं. पुढे लष्करी महाविद्यालयात दाखल झाले आणि केस कापायची वेळ आली तेव्हा काही दिवसांतच सोडून आले. शेवटी ओटावा विद्यापीठातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले.

'जेपर्डी!'च्या आधी ते काय करत होते?

१९६१ पासून सीबीसी या कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेत होते. बातम्या, हवामान, खेळ, समारंभ, ज्या दिवशी जो निवेदक रजेवर असेल त्याच्या जागी हे उभे. तेही दोन्ही भाषांत. १९६३ मध्ये तरुणांसाठीचा 'म्युझिक हॉप' हा गाण्यांचा कार्यक्रम केला. १९६६ ते १९७३ 'रीच फॉर द टॉप' ही शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा केली. माझ्या मते त्यांची खरी घडण इथे झाली. समोर पंधरा-सोळा वर्षांची हुशार, घाबरलेली मुलं. त्यांना सांभाळून घ्यायचं, उत्तर चुकलं तर खजील होऊ द्यायचं नाही आणि गुणही फुकट द्यायचे नाहीत.

१९७३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढची दहा वर्षं अस्थिर गेली. 'द विझर्ड ऑफ ऑड्स' वर्षभरात बंद झाला. त्याच्या जागी फाशांचा 'हाय रोलर्स' आला, तो थोडा चालला. इतर काही आले आणि गेले. १९८१ मध्ये व्हँकुव्हरला 'पिटफॉल' नावाचा कार्यक्रम केला, त्याची निर्मिती कंपनी बुडाली आणि केलेल्या कामाचे पैसे मिळालेच नाहीत. 'जेपर्डी!' हाती आला तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि कार्यक्रम बंद पडण्याची त्यांना चांगली सवय झालेली होती.

त्यांना सगळी उत्तरं खरंच येत होती की कागदावर लिहिलेली असायची?

लिहिलेली असायची, ते कधी लपवलं नाही. पण एवढ्यावर थांबलं तर त्यांचं काम कळणार नाही.

शूटिंग साधारणपणे मंगळवारी आणि बुधवारी असायचं. एका दिवसात पाच भाग, म्हणजे आठवड्याचा ऐवज एका दिवसात. वर्षाला सुमारे ४६ दिवस. प्रत्येक भागाला सूट आणि टाय बदलायचा, कारण घरी बघणाऱ्यासाठी तो दुसरा दिवस असतो. शूटिंगच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास ते स्टुडिओत हजर असायचे. पाचही डावांचे क्लू, म्हणजे तीनशेच्या वर विधानं, एकेक करून वाचायचे. उच्चारात शंका आली की शब्दकोश काढून त्या अक्षरावर पेन्सिलीने खूण करायचे. मग लेखकांबरोबर बैठक. हा क्लू फार अवघड झालाय, यात दुसरंही उत्तर बसू शकतं, हे वाक्य कानाला कळत नाही, असं सगळं तिथेच बोलून घ्यायचं.

उच्चारांबद्दल ते फार काटेकोर. फ्रेंच शब्द फ्रेंचासारखा, इटालियन शब्द इटालियनासारखा. काहींना ते जास्तीचं वाटायचं. मला नाही वाटत. आपली नावं इथे रोज कशी मोडतोड होऊन कानावर येतात ते ज्याने सोसलंय, त्याला एखाद्या परक्या शब्दासाठी सकाळी सहा वाजता शब्दकोश उघडणाऱ्या माणसाची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर दिसत नाही. पहिल्या हंगामात क्लू दिसला की लगेच बझर, म्हणजे उत्तर द्यायची संधी मिळवायचं बटण, दाबता यायचा. वाक्य अर्ध्यावर असतानाच खणखणाट सुरू, घरच्यांना धड वाचताही यायचं नाही. १९८५ पासून नियम बदलला : क्लू पूर्ण वाचून होईपर्यंत बझर बंद. शेवटचा शब्द संपला की एक कर्मचारी बटण दाबून बझर मोकळे करतो आणि फळ्याच्या कडेचे दिवे लागतात. त्याआधी दाबलंत तर पाव सेकंद तुमचा बझर चालत नाही, तेवढ्यात दुसरा पुढे जातो. म्हणून मुरलेले स्पर्धक ट्रेबेक यांच्या आवाजाची लय पकडायचे. छत्तीस वर्षं या खेळाचा ठोका त्यांच्या वाचण्यावर धरलेला होता. एक क्लू घाईत, एक संथ, असं वाचून चाललंच नसतं.

ते स्वतः खेळले असते तर जिंकले असते का?

हा प्रश्न त्यांनाही सतत विचारायचे. आपल्या वयाच्या लोकांत आपण बरे खेळू, पण तिशीतला चांगला स्पर्धक आपल्याला हरवेल, असं ते सांगायचे. माहिती असणं आणि ती बझरच्या वेगाने आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना रोज समोर दिसत होतं.

'मला स्टार म्हणू नका' असं ते म्हणाले होते, हे खरं आहे का?

हो, आणि माझ्यासाठी त्यांच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. १९८४ मध्ये काम स्वीकारताना त्यांनी सांगितलं की माझी ओळख 'स्टार' म्हणून नको, 'होस्ट' म्हणून करून द्या. या कार्यक्रमाचे स्टार स्पर्धक आहेत, ते चांगले दिसतील असं बघणं हे माझं काम. निवेदक जॉनी गिल्बर्ट यांनी पुढे कायम तसंच नाव घेतलं.

बोलायला हे सोपं आहे. पण एकसष्ट क्लू आणि बावीस मिनिटं हा हिशेब मांडून बघा. सूत्रसंचालकाने प्रत्येक उत्तरावर एक टिप्पणी केली तर शेवटचे सात-आठ क्लू उघडायचे राहतात, म्हणजे स्पर्धकांचे हजारो डॉलर तिथेच जातात. स्वतःला मागे ठेवणं ही त्यांची फक्त नम्रता नव्हती, खेळाशी प्रामाणिक राहायचं तर दुसरा मार्गच नव्हता. पहिल्या जाहिरातीनंतर तिन्ही स्पर्धकांशी थोड्या गप्पा, बाकी वेळ क्लू, 'बरोबर', 'नाही', 'सॉरी', पुढचा क्लू.

पण ते थोडे शिष्ट वाटायचे, नाही का?

काहींना वाटायचे. उत्तर चुकलं की 'ओह, सॉरी' म्हणायचा त्यांचा सूर शाळेतल्या कडक सरांसारखा होता. २०१६ मध्ये एका स्पर्धक बाईने आपल्याला आवडणाऱ्या संगीताच्या चाहत्यांबद्दल सांगितलं तेव्हा ते त्या चाहत्यांना थट्टेत 'लूझर्स' म्हणून गेले आणि त्यावर बरीच टीका झाली. टीका योग्यच होती, तो शब्द वापरायला नको होता.

तरी एवढ्या वर्षांत असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि कडक सरांची गोष्ट म्हणाल तर आमच्या घरात तोच त्यांचा गुण होता. माझी आई साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर ती सहा महिने आमच्याकडे राहायला आली तेव्हा इथल्या टीव्हीवरचं इंग्रजी तिला झेपेना. बातम्या नाहीत, मालिका नाहीत. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी हातातली मेथी निवडता निवडता म्हणाली, 'या मास्तरांचं सगळं कळतंय गं मला.' तेव्हापासून त्यांचं नाव मास्तर. सात वाजता ती चष्मा पुसून, मांडीवर शंभर पानी वही घेऊन बसायची. नकाशाचा विषय आला की स्पर्धकांच्या आधी राजधानी सांगायची. चुकली तर वहीत लिहून ठेवायची. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. 'ऊगाडूगू' हे बुर्किना फासोच्या राजधानीचं नाव तिने तीनदा लिहून गिरवलाय.

आपल्या 'केबीसी'शी तुलना करायची तर?

दोन्ही प्रश्नमंजुषा, पण सूत्रसंचालकाचं काम जवळजवळ उलट. 'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० ला सुरू झाला, तो ब्रिटनच्या 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'वरून. तिथे एकच स्पर्धक समोर असतो आणि वेळ ताणण्यातच रंगत असते. उत्तर लॉक करायच्या आधीची ती शांतता अमिताभ बच्चन यांच्याइतकी कोणाला जमत नाही. स्पर्धकाचं गाव, घर, कर्ज, आईवडील, सगळं त्या खुर्चीत उलगडतं. आदेश बांदेकर तर 'होम मिनिस्टर'मध्ये थेट घरात शिरले आणि महाराष्ट्राचे भावोजी झाले.

ट्रेबेक यांना यातलं काहीच करायचं नव्हतं. त्यांच्या कार्यक्रमात स्पर्धकाची गरिबी कधी विचारली गेली नाही. ग्रंथपाल, वकील, शिक्षक, बारमध्ये काम करणारा, फळ्यासमोर सगळे सारखे. मला दोन्ही आवडतात, पण रोज बघायला मला हेच लागतं.

केन जेनिंग्स आणि तो कॉम्प्युटर, हे काय होतं?

आधी एक विजेता सलग पाच भागच खेळू शकायचा. ती मर्यादा २००३ मध्ये काढली आणि २००४ मध्ये केन जेनिंग्स नावाचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आला. तो सलग ७४ डाव जिंकला. त्या डावांची कमाई २५,२०,७०० डॉलर. पंचाहत्तराव्या डावात शेवटचा क्लू होता, ७०,००० हंगामी कर्मचारी वर्षातून चारच महिने कामावर ठेवणारी कंपनी कोणती. उत्तर होतं लोकांची करविवरणपत्रं भरून देणारी 'एच अँड आर ब्लॉक'. जेनिंग्सने 'फेडेक्स' लिहिलं.

कॉम्प्युटर म्हणजे आयबीएमचा वॉटसन. फेब्रुवारी २०११ मध्ये तो जेनिंग्स आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांसमोर खेळला आणि आरामात जिंकला. एका ठिकाणी मात्र, विषय 'अमेरिकन शहरं' असताना, त्याने टोरांटो हे उत्तर दिलं. कॅनडातून आलेल्या सूत्रसंचालकासमोर!

भारतीयांशी त्यांचा काही संबंध आला का?

बऱ्यापैकी. १९८९ ते २०१३ अशी पंचवीस वर्षं 'नॅशनल जिओग्राफिक बी' या शाळकरी मुलांच्या भूगोल स्पर्धेची अंतिम फेरी ते घेत असत. तिथे आपल्याकडची मुलं बऱ्याचदा पुढे. त्यांच्या शेवटच्या दोन्ही वर्षी, २०१२ आणि २०१३ मध्ये, भारतीय वंशाचीच मुलं जिंकली.

'जेपर्डी!'तला प्रसंग नोव्हेंबर २०१९ चा. ब्राउन विद्यापीठात शिकणारा ध्रुव गौर, आधीच्या वर्षीचा कॉलेज विजेता, विजेत्यांच्या स्पर्धेत खेळत होता. ट्रेबेक यांचा कर्करोग तेव्हा सगळ्यांना माहीत होता. शेवटच्या क्लूचं उत्तर ध्रुवला येत नव्हतं. त्याने पाटीवर लिहिलं : 'व्हॉट इज वी लव्ह यू, अ‍ॅलेक्स!' ट्रेबेक नेहमीच्या सुरात वाचायला गेले आणि आवाज अडकला. आभार मानले. मग लगेच कामाचं : पणाला लावलेले १,९९५ डॉलर गेले, तुमच्याकडे उरले पाच. डोळ्यांत पाणी असताना त्यांनी हिशेब बरोबर सांगितला.

मिशी कधी काढली?

२००१ मध्ये, कोणाला न सांगता. तीस वर्षांची मिशी होती. लोकांनी त्याचा एवढा गवगवा केला की त्यांनाच नवल वाटलं. २०१४ मध्ये थोडे दिवस परत ठेवली होती.

घरचे कोण? पैशांचं काय केलं?

पहिलं लग्न १९७४ ते १९८१. १९९० मध्ये जीन करिव्हन यांच्याशी दुसरं लग्न, दोन मुलं, मॅथ्यू आणि एमिली. घरात दुरुस्तीची कामं स्वतः करायची त्यांना हौस होती. 'वर्ल्ड व्हिजन' संस्थेबरोबर आफ्रिकेतल्या गावांत ते अनेकदा गेले. लॉस एंजेलिसच्या डोंगरातली आपली जमीन त्यांनी लोकांना फिरायला मोकळी राहावी म्हणून देऊन टाकली. ओटावा विद्यापीठालाही मोठी देणगी दिली. २०१७ मध्ये कॅनडाने 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान दिला.

आजारी असताना ते काम कसं करत होते?

६ मार्च २०१९ ला त्यांनी एका छोट्या व्हिडिओतून स्वतःच सांगितलं : स्वादुपिंडाचा कर्करोग, चौथा टप्पा. आणि माझा करार अजून तीन वर्षांचा आहे तेव्हा मला लढावंच लागेल, असं हसून म्हणाले. वर्षभराने पुन्हा व्हिडिओ केला. या टप्प्यावरचे १८ टक्केच रुग्ण एक वर्ष काढतात, मी ते काढलं, असं सांगितलं. मधल्या काळात केमोथेरपी, असह्य वेदना, खचलेले दिवस, यातलं काहीच लपवलं नाही. पण फळ्यासमोर उभं राहिलं की आवाज तोच.

शेवटचं शूटिंग २९ ऑक्टोबर २०२० ला झालं. दहा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, ते घरी वारले. वय ऐंशी.

त्यांच्यानंतर कोण आलं?

काही महिने वेगवेगळे पाहुणे सूत्रसंचालक, त्यात पहिले केन जेनिंग्स. मग निवडीचा बराच घोळ झाला. आता ते काम जेनिंग्स एकटेच बघतात आणि मन लावून बघतात. कल्व्हर सिटीतल्या सोनी स्टुडिओच्या ज्या मंचावर शूटिंग होतं त्याला २०२१ मध्ये ट्रेबेक यांचं नाव दिलं. २०२४ मध्ये टपाल तिकीट निघालं, त्यावर फळ्यावरच्यासारखा एक क्लू छापलाय आणि उत्तर अर्थातच प्रश्नरूपात : 'हू इज अ‍ॅलेक्स ट्रेबेक?'

त्यांचा शेवटचा भाग कधी दाखवला?

८ जानेवारी २०२१, शुक्रवार. आधी तो नाताळच्या दिवशी लागणार होता, पण सणात लोकांचा चुकू नये म्हणून पुढे ढकलला. त्या आठवड्याच्या सोमवारी, खेळ सुरू करण्याआधी, कोविडने ज्यांचं नुकसान केलंय त्यांच्यासाठी काही करा, असं ते प्रेक्षकांना म्हणाले होते. शुक्रवारच्या भागात मात्र निरोप वगैरे काही नव्हता, कारण तो शेवटचा असेल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. एकसष्ट क्लूंचा नेहमीचा डाव, आणि मग जोडलेली ९० सेकंदांची जुन्या क्षणांची चित्रफीत.

आमचे संध्याकाळचे सात म्हणजे साताऱ्यात पहाटेचे साडेपाच. आईने आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, मला उठव. फोन टीव्हीसमोर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर शाल पांघरलेली ती, मागे अजून अंधार. दोन उत्तरं तिने आधी सांगितली. चित्रफीत संपली तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'सोमवारी तास कोण घेणार?'